मुलाखतीतली पाठ केलेली इंग्रजी वाक्यं: टाकायची की ठेवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, औशाजवळच्या गावातून लातूरला मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं तपासणीचं काम. क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी तीन मुलाखती झाल्या. तिन्ही ठिकाणी तांत्रिक प्रश्न बरे गेले आणि इंग्रजीतल्या एचआरच्या फेरीत गाडी अडली. क्लासच्या सरांनी ४० वाक्यं पाठ करून घेतली होती. शेवटच्या मुलाखतीत पॅनेलवरच्या मॅडम म्हणाल्या, 'तुम्ही पाठ केलेलं बोलताय, स्वतःचं काहीतरी सांगा.' आता तुम्ही विचारताय की ही वाक्यं सोडून द्यायची का, आणि सोडली तर बोलायचं कशाच्या आधारावर.

सोडू नका. मी गेली २२ वर्षं पुण्यात मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना मुलाखतीचं इंग्रजी शिकवते आहे, आणि त्यातली बरीच वर्षं कंपन्यांच्या पॅनेलवर टेबलाच्या पलीकडेही बसले आहे. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय: पाठ वाक्यांनी कुणाची मुलाखत बिघडत नाही, ती चुकीच्या जागी वापरल्यानं बिघडते. ठरीव वाक्य उत्तराच्या सांध्यावर शोभतं. सुरुवात करताना, प्रश्न पुन्हा विचारताना, वेळ घेताना, चूक सावरताना, निरोप घेताना. उत्तराच्या पोटात मात्र तुमचं काम असायला हवं, आणि ते कुठल्याही क्लासच्या वहीत लिहिलेलं नसतं.

आधी मनातली लाज काढून टाका. अस्खलित बोलणारे प्रत्येक वाक्य नव्यानं जुळवत नाहीत. अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सिस सायडर या भाषेच्या अभ्यासकांनी १९८३ साली हेच मांडलं की स्वतःची भाषा बोलणारा माणूस तयार तुकड्यांचा मोठा साठा डोक्यात बाळगतो आणि म्हणून त्याला न अडखळता बोलता येतं. पुढे २००० मध्ये ब्रिट एर्मान आणि बेअट्रिस वॉरेन यांनी इंग्रजी मजकूर मोजून पाहिले, तेव्हा निम्म्याहून जास्त भाषा अशा तयार जोड्यांची आणि तुकड्यांचीच निघाली. आपल्याकडे बघा ना. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. व्याकरण शिकून हे कुणाला सुचणार नाही. मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयाला ते अख्खंच उचलावं लागतं, आणि त्यानं ते योग्य वेळी म्हटलं की आजीला तो घरचा वाटतो. तिथं 'पाठ करून आलास' असं कुणी म्हणत नाही.

मग तुम्हालाच का म्हटलं? तुमच्यासारख्या मुलांची सुरुवात मी शेकडो वेळा ऐकली आहे. 'फर्स्ट ऑफ ऑल आय वुड लाइक टू थँक यू फॉर गिव्हिंग मी धिस वंडरफुल अपॉर्च्युनिटी टू इंट्रोड्यूस मायसेल्फ.' मग नाव, गाव, 'माय फादर इज अ फार्मर, माय मदर इज अ होममेकर', 'माय स्ट्रेंग्थ इज आय ॲम अ हार्ड वर्कर अँड अ क्विक लर्नर', 'माय हॉबीज आर लिसनिंग टू म्यूझिक'. एवढं सगळं ४० सेकंदांत, श्वास न घेता. त्यानंतर पॅनेल विचारतं, 'क्विक लर्नर म्हणता, एखादं उदाहरण?' आणि पाचेक सेकंद शांतता. मग जे इंग्रजी येतं ते वेगळ्याच माणसाचं वाटतं. वेग निम्मा होतो, आवाज खाली जातो, क्रियापदं सुटतात. पॅनेलला ऐकू येते ती ही उडी. तुटक इंग्रजीची आम्हाला सवय असते, ते खपतं. पण आधीची ४० सेकंदं घोटीव आणि नंतरची तुटक आली की आधीचंही खरं वाटेनासं होतं. वडील शेतकरी आहेत हे खरं असूनही पाठ केल्यासारखं वाटतं, आणि याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

ही वाक्यं येतात कुठून, याचा मी बराच विचार केला आहे. बरीचशी इंग्रजीतून आलेलीच नाहीत. आपल्या अर्जांच्या मराठीत एक जुनी चाल आहे: 'आपल्या संस्थेत सेवेची संधी मिळाल्यास मी त्या संधीचं सोनं करीन.' 'गिव्ह मी वन चान्स, आय विल प्रूव्ह मायसेल्फ' हे त्याचंच इंग्रजी रूप. मराठी अर्जात ते शोभतं, कारण तिथं मान देणं हेच काम असतं. अर्जदाराची परीक्षा दुसरीकडे होते. इंग्रजी मुलाखतीत त्याच वाक्यावर परीक्षा सुरू होते. समोरचा ते शब्दशः घेतो आणि विचारतो, 'कसं प्रूव्ह करणार?' तुम्ही आदर दाखवायला गेलात आणि त्याला दावा ऐकू आला.

वर्गात मी कीर्तनाचं उदाहरण देते. तुमच्याकडे सप्ते होत असणार, म्हणजे तुम्ही पाहिलेलंच आहे. वारकरी कीर्तनात अभंग पाठ असतो, त्यात कुणी अक्षर बदलत नाही. सुरुवातीचं नमन ठरलेलं, शेवट ठरलेला. मध्येच बुवा 'विठोबा रखुमाई' म्हणतात, टाळकरी ते उचलतात, आणि तेवढ्या वेळात बुवा घोटभर पाणी पिऊन पुढचा दृष्टांत मनात जुळवतात. निरूपण मात्र बुवांचं स्वतःचं. तेही पाठ केलेलं आलं तर मंडळी उठून जातात, आणि अभंगच विसरला तर कीर्तन उभं राहत नाही. तुम्हाला टाळकरी नाहीत, म्हणून ध्रुपदं, म्हणजे ही ठरीव वाक्यं, स्वतःच म्हणावी लागतात. ती दहा-बारा पुरतात. ४० ची गरज नाही.

कुठली ठेवायची ते सांगते. प्रश्न कळला नाही तर 'व्हॉट?' नको, आणि शाळेत शिकवलेलं नुसतं 'पार्डन?' सुद्धा नको. 'सॉरी, कुड यू रिपीट द लास्ट पार्ट?' म्हणा. 'लास्ट पार्ट' हे दोन शब्द मोलाचे आहेत, कारण पहिला भाग तुम्हाला समजला होता हे त्यांतून कळतं. अर्धवट समजला असेल तर अंदाज बोलून दाखवा: 'डू यू मीन इन माय प्रेझेंट जॉब?' वेळ हवा असेल तर 'लेट मी थिंक ऑफ अ गुड एक्झाम्पल.' इथं आपली मुलं 'आय विल थिंक अँड टेल यू' म्हणतात, कारण मनात 'विचार करून सांगतो' असतं. मराठीत स्थळ बघायला आलेले लोक 'विचार करून कळवतो' म्हणाले की आपण काय समजायचं ते समजतो. इंग्रजीतही ते वाक्य टाळाटाळीसारखंच ऐकू येतं. वाक्य मध्येच फसलं तर 'लेट मी से दॅट अगेन' म्हणून पहिल्यापासून, छोट्या वाक्यांत. आणि एखादी गोष्ट येत नसेल तर नुसतं 'आय डोन्ट नो' म्हणून थांबू नका. अर्धं ठरीव आणि अर्धं मोकळं असं वाक्य तयार ठेवा: 'आय हॅवन्ट वर्क्ड ऑन सीएमएम. आय हॅव यूज्ड हाइट गेज अँड बोअर गेज.' सीएमएम हे मापं घेणारं संगणकी यंत्र, बाकीची दोन हातानं वापरायची मोजमापाची साधनं. नावं बदला, साचा तोच राहतो. असे साचे सगळ्यांत उपयोगी, कारण त्यांच्यात रिकामी जागा असते आणि ती तुम्हीच भरता.

ही वाक्यं म्हणताना सूर सांभाळा. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ जॉन गंपर्झ यांनी नोंदवलेला एक प्रसंग आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या कँटीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढायला होत्या, आणि त्या उर्मट आहेत अशी तक्रार होती. वाढताना त्या 'ग्रेव्ही' एवढंच म्हणायच्या, सूर खाली नेऊन. तिथल्या इंग्रज बायका तोच शब्द सूर वर नेऊन म्हणायच्या, म्हणजे 'ग्रेव्ही हवी का?' खाली गेलेल्या सुराचा अर्थ लोकांनी लावला, 'ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या.' त्या बायकांच्या मनात तसं काही नव्हतं; त्यांच्या भाषेत विचारण्याचा सूर तसाच होता. दोन्ही बाजूंना टेप ऐकवल्यावर हे उलगडलं. 'कुड यू रिपीट' हे वाक्य तुम्ही सपाट सुरात, खाली बघून म्हटलंत तर ते हुकमासारखं लागतं. शेवटी सूर थोडा वर न्या आणि समोर बघा. वाक्य पाठ करताना त्याचा सूरही पाठ करायचा असतो, आणि वहीत तो लिहिता येत नाही. म्हणून मी मुलांना वाक्यं लिहून देत नाही, रेकॉर्ड करून देते.

याच गंपर्झ यांनी रॉबर्ट विल्सन यांच्यासोबत सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास केला होता; तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली आणि त्यांच्या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली की शब्द बदलले तरी खालचा सांगाडा जवळजवळ एकच. हे वाचलं तेव्हा मला माझा वर्ग आठवला. आपल्या इंग्रजीखाली मराठीचा सांगाडा असतोच. 'आय ॲम फ्रॉम लातूर ओन्ली' यातलं 'ओन्ली' म्हणजे आपला 'च'. दर वाक्याआधी येणारं 'मीन्स' म्हणजे आपलं 'म्हणजे'. 'इव्हन आय वॉज देअर' म्हणजे 'मी सुद्धा तिथं होतो'. तुमच्या मुलाखतीत यातलं काय सुधारायचं? माझ्या मते 'मीन्स' तेवढं काढा, कारण ते मिनिटात दहा वेळा येतं आणि ऐकणारा उगाच खुलाशाची वाट बघत राहतो. त्याजागी गप्प राहा, एक सेकंद. 'मायसेल्फ अमुक अमुक' ऐवजी 'आय ॲम' म्हणा, कारण भारतातही ते आता अनेक पॅनेलांच्या कानाला टोचतं. 'ओन्ली' राहिलं तर राहू द्या. 'आय पास्ड आउट इन अमुक साली' हेही भारतात चालतं. खडकवासल्याच्या एनडीएत आजही पासिंग आउट परेडच होते. परदेशातल्या माणसाशी व्हिडिओवर बोलणार असाल तर मात्र 'आय फिनिश्ड माय डिप्लोमा' म्हणा, कारण नुसतं 'पास्ड आउट' म्हटलं तर तो समजेल की तुम्हाला चक्कर आली होती.

आता उत्तराच्या पोटाकडे येते. तुम्ही प्रश्नात एक गोष्ट जाताजाता लिहिली आहे, आणि मला तीच सगळ्यांत मोलाची वाटली. बुश (आत भोक असलेले गोल सुटे भाग) बनत होते, फर्स्ट पीस म्हणजे पहिला नग ओके होता, दोन तासांनी गो गेज (भोकाचं माप बरोबर असेल तर आत जाणारं तपासणीचं साधन) अडकायला लागलं, तुम्ही इन्सर्ट (यंत्रातलं कापणारं पातं) झिजल्याचं ओळखलं आणि आधीचे १५ नग बाजूला काढायला लावले. हे तुम्ही तिन्ही मुलाखतींत सांगितलं नाहीत! 'स्ट्रेंग्थ काय' विचारल्यावर 'हार्ड वर्कर' म्हणालात. हीच गोष्ट तुमच्या इंग्रजीत अशी सांगता येते: 'वी वर मेकिंग बुशेस. फर्स्ट पीस वॉज ओके. आफ्टर टू अवर्स द गो गेज वॉज नॉट गोइंग इन. आय चेक्ड द इन्सर्ट. इट वॉज वोर्न. आय आस्क्ड द ऑपरेटर टू चेंज इट, अँड आय केप्ट द लास्ट फिफ्टीन पीसेस सेपरेट.' सहा वाक्यं. एकही ठरीव नाही, एकही अवघड नाही. यातलं एखादं क्रियापद चुकलं तरी पॅनेलवरचा प्रॉडक्शनचा माणूस पुढे झुकून ऐकतो, कारण इन्सर्ट झिजला की बोअर, म्हणजे आतलं भोक, लहान होत जातो हे त्याला माहीत असतं आणि तुम्हालाही माहीत आहे हे त्याला कळलेलं असतं.

पोटात गोष्ट असणं इतकं महत्त्वाचं का, याला आधार आहे. सेलिया रॉबर्ट्स आणि सारा कॅम्पबेल या संशोधकांनी ब्रिटनमध्ये कमी पगाराच्या नोकऱ्यांच्या खऱ्या मुलाखती चित्रित करून अभ्यासल्या. २००६ साली तो अहवाल आला. परदेशात जन्मलेले उमेदवार मागे पडत होते. ब्रिटनमध्येच वाढलेल्या अल्पसंख्याक उमेदवारांची कामगिरी मात्र गोऱ्यांच्या जवळपास होती. म्हणजे अडचण निव्वळ रंगाची नव्हती, आणि निव्वळ व्याकरणाचीही नव्हती. स्वतःचा अनुभव ठरावीक पद्धतीनं, गोष्टीसारखा मांडायचा आणि त्यातच संस्थेच्या भाषेतला एखादा शब्द गुंफायचा, ही न सांगितलेली अपेक्षा बाहेरून आलेल्यांना ठाऊक नव्हती. काम साधं अंगमेहनतीचं, आणि परीक्षा बोलण्याच्या एका विशिष्ट रीतीची. मला यात उघड अन्याय दिसतो. तुमच्या बाबतीतही तेच झालं असावं. मापं घेणाऱ्या माणसाला गप्पांवर तोलणं मला पटत नाही, आणि पॅनेलवर असताना मी ते दर वेळी बोलून दाखवते. पण तोवर तुम्हाला नोकरी हवी आहे, म्हणून ती रीत शिकून घ्या.

हे सगळं इंग्रजी मुलाखतीपुरतं. तुमच्या वर्कशॉपमधला मित्र जपानी शिकतोय असं तुम्ही लिहिलंय, त्याला हा सल्ला जसाच्या तसा देऊ नका. पुण्यात जपानी शिकणारे खूप आहेत आणि माझ्याकडेही त्यांतले काही येतात. जपानी मुलाखतीत ठरीव वाक्यं चुकवून चालत नाही. दार ठोठवायचं, आतून 'दोझो' (या) आलं की 'शित्सुरेई शिमासु' (माफ करा, येतो) म्हणून आत जायचं, बसा म्हटल्यावरच बसायचं. समोरच्या कंपनीला बोलताना 'ओन्शा' म्हणायचं. पत्रात त्यासाठी वेगळा शब्द आहे, 'किशा'. परिचय संपवताना 'योरोशिकु ओनेगाई शिमासु', म्हणजे साधारण 'कृपा असू द्या'. तिथं स्वतःचं काही नवं सुचवायला गेलात तर उद्धट दिसाल. जर्मनीत नोकरीला निघालेल्या नर्सताईंना उलट फार सांगावं लागत नाही. तिथल्या आदरार्थी 'झी'ला त्या लगेच सरावतात, कारण 'तू' आणि 'तुम्ही' आपण जन्मापासून सांभाळतो.

तुम्ही सराव कसा करावा तेवढं सांगते. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. सांध्यांची वाक्यं रोज मोठ्यानं म्हणा, चालताना, क्रम बदलून, इतकी की ती विचार न करता तोंडातून यावीत. कामाच्या गोष्टी मात्र अजिबात लिहून काढू नका. लिहिल्या की पाठ होतात. कागदावर पाचच शब्द लिहा: बुश, गेज, इन्सर्ट, पंधरा, शिफ्ट. त्यावरून गोष्ट आधी मराठीत सांगा, आईला किंवा रूममेटला, म्हणजे क्रम पक्का होईल. मग तीच इंग्रजीत तीन वेगवेगळ्या माणसांना सांगा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. तिन्ही वेळा शब्द वेगळे आले तर बरं समजा. तसेच्या तसे आले तर एक दिवस जाऊ द्या आणि पुन्हा सांगा. अशा तीन गोष्टी पुरतात: एक चूक पकडल्याची, एक स्वतःच्या हातून चूक झाल्याची, एक कुणाशी तरी मतभेद झाल्याची. एचआरचे बहुतेक प्रश्न याच तिन्हींपाशी येऊन थांबतात. 'वीकनेस' विचारल्यावर 'आय ॲम अ परफेक्शनिस्ट' म्हणू नका. या तिन्हींतली दुसरी, स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगा.

आणि 'टेल अस अबाउट युवरसेल्फ' या प्रश्नाला वडिलांचा व्यवसाय सांगायचा की नाही, हेही तुम्ही विचारलंय. पॅनेल त्यावर गुण देत नाही, पण सांगावंसं वाटत असेल तर जरूर सांगा. फक्त तुमच्या कामाशी जोडून सांगा. वडिलांसोबत मोटारीचा पंप उघडून दुरुस्त करायचात आणि तिथूनच मेकॅनिकलला गेलात, असं तुम्हीच लिहिलंय. ते वाक्य कुठल्याही वहीत नाही.

पुढची मुलाखत २३ तारखेला आहे म्हणता, म्हणजे सरावाला दोन आठवडे आहेत. तेवढ्यात एक काम करा. बुशाची गोष्ट लिहिताना तुम्ही बोअरचं माप आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहिलेला नाही. ती गोष्ट ऐकल्यावर प्रॉडक्शनचा माणूस पहिला प्रश्न तोच विचारेल. जुनं इन्स्पेक्शन रजिस्टर बघून दोन्ही आकडे काढून ठेवा, आणि ते इंग्रजीत मोठ्यानं म्हणून बघा. दशांश चिन्हानंतरचे आकडे एकेक म्हणायचे असतात, आणि आपली मुलं नेमकी तिथंच अडखळतात.